मंडळीची साक्ष

आमच्या ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळात जमणारी माणसं. बाकीच्या गावात मंडळी म्हणजे बायको. पाळकसाहेब पुढून "मंडळी" म्हणाले की सगळे ताठ बसायचे आणि मी बायकांच्या बाजूला, माझीवाली कुठं बसली ते बघायचो. वैशाखात माझी मंडळी गेली. दुसरी अजून आहे, आणि ती फार बोलते.

तिच्या बोलण्याला साक्ष म्हणतात. दर रविवारी कुणीतरी उभं राहून प्रभूनं काय केलं ते सांगतं. एकाची बस चुकली आणि तीच बस पुढं जाऊन उलटली, म्हणून प्रभूची स्तुती. बसमधल्या बाकीच्यांनी प्रभूचं काय वाकडं केलं होतं, ते कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. बायकोनं कोपर मारलं होतं.

ती गेल्यावर तिच्याच मरणाची साक्ष सुरू झाली. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, माहेर देवळालीचं, एकदा दवाखान्यात येऊन द्राक्षं ठेवून गेल्या होत्या. पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, चेहरा शांत होता. दुसऱ्या रविवारी चेहरा हसला. तिसऱ्या रविवारी तिनं गीत म्हटलं, सगळ्या कडव्यांसकट. ही घरात गायला लागली की शेळी दावं तोडू बघायची. चौथ्या रविवारी खोलीत उजेड पडला. त्या खोलीतली ट्यूब आम्ही तीन वेळा सांगूनही कुणी बदलली नव्हती, पण उजेड पडला. मला वाटलं, अजून दोन रविवार गेले तर ही उठून घरी येईल, आणि माझी काही तक्रार नव्हती.

महिना झाला तेव्हा आठवणीची उपासना ठरली. पाळकसाहेब घरी आले. वयानं माझ्या मुलासारखे, पण शिकलेले. म्हणाले, "बाबा, तुम्ही नवरा. अध्यक्षीणबाई सांगतील, तुम्ही उभं राहून फक्त हो म्हणा. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष हाच आपल्या विश्वासाचा पाया."

हो म्हणायला मला काय जड? जन्मभर जनावरांच्या बाजारात दलाली केली. विक्रीच्या पावतीवर साक्षीदाराची सही लागते. चौथी नापास असलो तरी सही करता येते, म्हणून चहाच्या टपरीवर बसून मी अशा म्हशींना साक्षीदार झालोय ज्यांचं शेपूटही पाहिलं नव्हतं. पण इथं अडचण वेगळी होती. ती गेली तेव्हा मी खोलीत नव्हतो. नारळपाणी आणायला गेलो होतो आणि शेवटच्या घटकेला परत पोचलो, असं सगळ्यांना सांगितलं. नारळवाला दवाखान्याच्या फाटकातच उभा असतो. मी रस्त्यापलीकडं टपरीवर होतो. तिचा श्वास ऐकवत नव्हता. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला.

खोलीत एकच माणूस होतं. शेजारच्या भाभी, बांगड्या भरणाऱ्या. महिनाभर मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण देवळात हो म्हणायचं तर निदान कशाला हो म्हणतोय ते ठाऊक असावं. गेलो त्यांच्या ओट्यावर. म्हटलं, भाभी, उजेड पडला होता का?

"उजेड कसला, भाऊ? दुपार हुती."

गीत? गीतही नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, एक अंगावर सांडला. मग तिनं, मी कुठाय, ते विचारलं. भाभींनी नारळपाण्याचं सांगितलं.

"त्यावर काय म्हणाली?"

भाभी बांगड्यांची चळत सारखी करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हनली, नारळपानी न्हाई, भ्यालाय त्यो. बोलवू नका त्याला, राहू द्या."

भाभी पुढं सांगत राहिल्या. तिनं तुमच्यातली प्रार्थना म्हणायला घेतली. रोजची भाकर दे, इथपर्यंत आली आणि अडकली. मला विचारते, पुढं काय हाय गं? मला काय ठाऊक तुमची प्रार्थना? म्हटलं, बाय, पुढं चांगलंच असंल. मग तिनं हात दाबला आणि झालं.

घरी येऊन मी खाटेवर पडलो. अध्यक्षीणबाईंच्या उजेडानं माझ्यावर तिळभर परिणाम झाला नव्हता, आणि ह्या अडकलेल्या प्रार्थनेवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. का, ते मला धंद्यानं सांगितलं. खोटा दलाल जनावराची खोड आपल्या तोंडानं सांगत नाही. म्हैस लाथ मारते असं जो आधीच सांगतो, त्याच्याशी सौदा करावा. शुभवर्तमान, म्हणजे प्रभूची गोष्ट, सांगणाऱ्यांनी आपल्या खोडी किती सांगितल्यात बघा. प्रभूला शिपायांनी धरलं तसे पुरुष शिष्य पळाले. मोठा शिष्य एका मोलकरणीपुढं, मी नाही त्यातला, म्हणाला. प्रभू उठल्यावर रिकामं थडगं आधी पाहिलं बायकांनी, आणि तेव्हा बाईच्या साक्षीला कोर्टात किंमत नव्हती, असं पाळकसाहेबच सांगतात. रचूनच सांगायचं होतं तर जरा बरे साक्षीदार रचता आले नसते? आमच्या अध्यक्षीणबाईंनी रचले असते. मला देव किती कळतो ते सोडा, पण खरं बोलणारा दलाल कळतो.

उपासनेला भाभी आल्या, डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. अध्यक्षीणबाईंचा उजेड आटोपला. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तिथं नव्हतो. नारळपाणी खोटं. मी भ्यालो होतो, टपरीवर बसलो होतो."

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, अशी कुठं साक्ष असते का, घरच्या बाईच्या आठवणीला? मी म्हटलं, बाई, जी पाहणारी आहे ती मागं बसलीय, तिला विचारा. पाळकसाहेब क्षणभर घोटाळले. मुसलमान बाईला पुढं बोलवायची रीत त्यांच्या पुस्तकात नसावी. पण माणूस बरा. बोलवलं.

भाभी जागेवरूनच उभ्या राहिल्या आणि ओट्यावर सांगितलं तेच, तेवढंच सांगितलं. सांडलेल्या पाण्यासकट. मी भ्यालो होतो त्यासकट. मग पदर सावरून म्हणाल्या, "येक इचारते. महिनाभर डोक्यात बसलंय. त्या भाकरीच्या पुढं काय हाय?"

पाठ सगळ्यांना होतं. सांगितलं मी, की पुढं माफीचं हाय. आम्हाला माफ कर, जसं आम्ही दुसऱ्याला केलं.

"मग तेवढं तिला येत हुतं की," भाभी म्हणाल्या, आणि खाली बसल्या.