दुसऱ्या ऑपरेशनआधीची तहान

माझ्या उजव्या गुडघ्यात मुंबईच्या डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवला, तेव्हा नागपूरला आमच्या प्रताप नगरातल्या अर्ध्या बायका तो पाहायला येऊन गेल्या. मीही मिरवायला कमी केलं नाही; साडी वर करून टाक्यांची रेघ दाखवायचे. वर्ष-सव्वा वर्षात तो सांधा हाडात डुगडुगायला लागला आणि त्याच बायका गुडघ्याचा विषय टाळू लागल्या. ते जास्त लागलं मला.

जुना सांधा काढून नवा घालायचं ठरलं. तेच डॉक्टर नागपुरात येऊन ऑपरेशन करणार होते. तोवर पायावर भार टाकायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत जायचं, तर कुणाचा तरी खांदा हवा. मुलगी बिलासपूरला, तिचं बाळ तान्हं. घरात माणूस एकच, माझा रिटायर झालेला नवरा.

ज्याला तीस वर्षं मी ताट वाढलं, आंघोळीचं पाणी काढून दिलं, त्याच्या अंगावर रेलून मी संडासात जायचं आणि त्याने बादली घेऊन दाराबाहेर उभं राहायचं! नवऱ्याकडून सेवा घेतली की पाप लागतं, हे आईने डोक्यात असं भरलं होतं, की शाळेत मास्तरीण होऊनही ते निघालं नाही. त्यात भिंतीपलीकडून शेजारीण हटकून म्हणायची, "भाऊजीले चांगलंच कामाले लावलं वं बाई!" ती गमतीनेच म्हणायची, पण मला धरणीने पोटात घ्यावंसं वाटायचं.

मग मी तोड काढली. पाणीच प्यायलं नाही, तर जावं कशाला लागेल? सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस. नागपूरचा मे महिना; जीभ टाळूला चिकटायची. नवरा ग्लास भरून द्यायचा आणि त्याची पाठ वळली, की मी तो खिडकीतून मोगऱ्याला घालायचे. मोगरा काय फुलला त्या वर्षी! पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा उन्हाळी लागली असेल म्हणून गप्प बसले.

दाखल व्हायला गेलो, तर डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "लघवीत जंतू आहेत, बाई. ते रक्तातून नव्या सांध्यात उतरले, तर पाय वाचवणं कठीण. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. पाणी किती पिता?"

"भरपूर पिते ती. मीच तं देतो," नवरा म्हणाला, अगदी शपथेवर सांगावं तसा.

त्याच्यासमोर आता मला खोटं बोलवेना. पदराचं टोक पिळत, नर्ससुद्धा ऐकत असताना, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. नवरा खाली फरशीकडे पाहत राहिला.

ऑटोत तो म्हणाला, "माही आई लकव्यानं पडली, तवा तिचं हागणंमुतणं तू केलं. पोटचा पोरगा मी, पण मी हात लावला नाही. आता कराले उभा आहो, तं तू तहानेनं मरून राहिली. काहून वं? मी काय परका आहो?"

त्याचे डोळे भरले होते. मी स्वतःला पापातून वाचवत नव्हते. मी त्याला हाकलून देत होते. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

घरी आल्यावर त्याच्यादेखत तांब्याभर पाणी प्यायले. तासाभराने, एरवी नुसती खाकरून सुचवणारी मी, पलंगावरून मोठ्याने हाक मारली, "अहो, मला संडासला जायचंय."

भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. माझे कान तापले. तो लगबगीने आला, वाकला, आणि मी माझा सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला.