चिंचणीच्या बाजारात स्पॅनिशचा सराव

पापलेटाला हळद-मीठ चोळलं की त्या वासाबरोबर माझे कान आजही गरम होतात. बोईसरच्या आमच्या कंपनीत स्पेनचे पाहुणे येणार होते, म्हणून मी मोबाइलवर स्पॅनिश शिकत होतो आणि त्या सकाळचा धडा होता तुलनेचा: हे त्याच्यापेक्षा मोठं, ते ह्याच्यापेक्षा चांगलं. दिसेल त्यावर सराव करा, अशी सूचना होती. मग काय, चिंचणीच्या बाजारात शेजारी बसलेल्या दोन मासळीवाल्यांच्या पाट्यांकडे बोट नाचवत मी "मास फ्रेस्को के", म्हणजे 'त्याच्यापेक्षा ताजं', सुरू केलं. "काय पुटपुटतोस रे?" पहिलीने विचारलं. शहाण्याने गप्प बसावं ना! मी खणखणीत मराठीत सांगितलं, "ह्यांचं पापलेट तुमच्यापेक्षा ताजं!" पहिलीशी भाव ठरवून पिशवी उघडलेली बाई तिथल्या तिथे शेजारच्या पाटीकडे सरकली. मग जी काय पेटली ती! "मेल्या, माजं गिऱ्हाईक घालवलंस! एकाच बोटीची मासळी हाय, आमी जावा हाव!" दुसरी तरी खूश होईल म्हणून मी तिच्याकडे बघून हसलो, तर तिने त्या बाईच्या हातातलं पापलेट हिसकून घेतलं आणि माझ्यावर कडाडली, "माज्या जावेच्या मालाला नावं ठेवतोस? सांग सगल्यांना, दोगींचं सारखंच ताजं हाय! तुज्या त्याच भाषेत सांग!" 'सारखंच' म्हणायचा धडा दुसऱ्या दिवशी होता. भर बाजारात मी मराठीतच ओरडलो. अजून मी दोघींकडून एकेक पापलेट आणतो, ताटात वाढून बायको विचारते, "ह्यातलं कुठलं चांगलं झालंय?" मी काटे काढत बसतो.