फूटपट्टीची परीक्षा

डेपोत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. बस घेऊन निघाला की दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. सत्तावीस वर्षं. लेन बदलायची तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून बघणं, आणि मागच्याने जागा दिली तरच स्टिअरिंग फिरवायचं. नाही दिली तर? तर थांबायचं. मागचे हॉर्न वाजवत, पुढे घुसणारे घुसत, प्रवासी कपाळावर हात मारत. "ड्रायव्हर, मी उतरून चालत जाऊ का?" असं एका बाईंनी विचारलं आणि खरंच उतरल्या. पुढच्या थांब्यावर त्या आधी पोचल्या, हेही खोटं नाही.

आता मात्र डावा गुडघा वैरी झाला होता. क्लच दाबला की कळ थेट मस्तकात. म्हणून नव्या ड्रायव्हरांना शिकवणाऱ्याची जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज टाकला. फळा, खडू, खुर्ची. नाहीतर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं याच गुडघ्यावर रेटायची होती.

"तुम्हालाच मिळणार," बायको म्हणाली. "आजवर कुणाला साधा ओरखडा नाही काढलात."

"आईच्या नॉनस्टिक तव्याला सोडून," मुलगी म्हणाली.

दुसरा अर्ज विमानाचा होता; हेही नाव डेपोनेच ठेवलेलं. विमान वयाने दहा वर्षांनी लहान. दोन लेनच्या मधे तिसरी, खास स्वतःची काढायचा. त्याच्या बसचा दोन्ही बाजूंचा रंग खरवडलेला, पण पोचायचा वेळेत.

परीक्षा म्हणजे दोघांनी त्याच मार्गावर एकेक फेरी मारायची, शेजारी डेपोचे साहेब कागद घेऊन. कागद रोजचाच: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, फरक. लेनचा रकानाच नव्हता. फूटपट्टीने तो पाहिला, पण मनाशी म्हणाला, रकाना नसेना, साहेबांना डोळे आहेत की! इथेच गडी फसला.

पुलाआधी दोन लेनची एक होते. तिथे बसला चिकटून एक स्कूटरवाली चालली होती, मागे लेकरू. फूटपट्टीने तिला पुढे जाऊ दिलं. तिच्यामागून टेम्पो घुसला, त्याच्यामागून सगळं गाव.

"घाला ना पुढे!" साहेब म्हणाले.

"ती आडवी होईल, साहेब."

अकरा मिनिटं उशीर. "चालवता मात्र झकास," उतरताना साहेब म्हणाले, "छान डुलकी लागली." विमान दोन मिनिटं आधी पोचला. वाटेत एका गाडीचा आरसा उडवला, पण तो कुठल्या रकान्यात भरणार?

जागा विमानाला मिळाली. पहिल्या तासाआधी तो फूटपट्टीला गाठायला आला, हातात कोरी वही.

"दादा, ते लेनबिनचं जरा सांगा ना. पोरांपुढे हसं नको व्हायला."

फूटपट्टीच्या तोंडात चांगली ठसठशीत शिवी आली. पण वर्गाच्या दारात बावीस नवे ड्रायव्हर उभे होते. महिन्याभरात ते सगळे रस्त्यावर येणार होते, कुणीतरी त्याच्या शेजारीच. शिवी गिळून त्याने सगळं सांगितलं. विमान भराभरा लिहीत होता. मधेच थांबला.

"दादा, एवढं पाळलं तर वेळेत पोचायचं कसं?"

"नाही पोचत."

हे काही विमानाने लिहून घेतलं नाही. वही मिटून तो वर्गात शिरला. फूटपट्टी आपल्या बसकडे गेला आणि दांड्याला धरून त्याने दुखरा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवला.