दोन माणसांची मोटार

आमच्या ह्यांनी लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या साहेबाकडून जुनी मोटार घेतली, तेव्हा घरात माणसं पंगतभर आणि मोटारीत जागा दोन. लांबुडकं लाल तोंड, घडीचं छप्पर, पाठीला बांधलेलं जास्तीचं चाक. विलायतेला जाताना साहेबानं म्हणे डोळ्यांत पाणी आणून तिचा निरोप घेतला. ते सुटका झाल्याचे आनंदाश्रू होते, हे आम्हाला मागाहून कळलं.

ह्यांचं बाजारात कंदिलांचं दुकान. कंदील दुरुस्त करता येतो म्हणजे मोटारही येईल, असा ह्यांचा समज. दर रविवारी परसात गोणपाट अंथरून इंजिन उघडायचं. माझ्या पिठाच्या परातीत रॉकेल ओतून सुटे भाग धुवायचे. मग आठवडाभर भाकरी अशी लागायची की चुलीजवळ बसून खायची भीती वाटावी. तेल गळतं म्हणून ह्यांनी चपलेचं कातडं कापून वायसर केले, ते कातडंही स्वतःच्या नव्हे, माझ्या चपलेचं. इंजिन परत बसवलं की दोन-चार नट उरायचेच. साहेबानं जास्तीचे घातले होते, असं हे सांगायचे.

सगळे हसायचे, मला हसू येत नसे. माझं माहेर औंढ्याला, अगदी नाकासमोर. भातलावणीत माझी आई बांधावरून पडली आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती. मी टांग्यानं जाऊन येते म्हटलं, तर सासूबाईंनी मोडता घातला. मोटारवाल्याची बायको टांग्यातून गेली तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं. मोटार तयार झाली की पहिली फेरी औंढ्याला, असा ह्यांनी शब्द दिला. मोटार तयार व्हायची आणि दुसऱ्या जागेवर कोणीतरी मानाचं माणूस येऊन बसायचं. कधी थोरले दीर, कधी नणंदेचे यजमान, एकदा तर तळेगावचे व्याही. मला आईची इतकी आठवण यायची की त्या लाल तोंडावर मुसळ घालावंसं वाटे.

त्यात भर म्हणजे ती चालू करायची मीच. हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि ह्यांचं मनगट टम्म सुजलं, तेव्हापासून हे हँडलला हात लावीत नसत. मोटार ढकलायची. ढकलायला हे आणि दुकानातले दोघे गडी, आत मात्र हलकं माणूस हवं, म्हणून मी. हे गिअर टाकून द्यायचे. मी डावा पाय क्लचवर दाबून धरायचा आणि मोटार उताराला लागली की सोडायचा. इंजिन धडधडलं की मी परत पाय दाबून थांबायचं, ह्यांनी गिअर काढून आत बसायचं आणि मी पदर खोचून चुलीकडे.

दिवाळी सरल्यावर सासूबाईंना कार्ल्याच्या देवीचा नवस फेडायचा होता. ठेवणीतलं लुगडं नेसून, ओटीत नारळ घेऊन त्या आधीच आत जाऊन बसल्या. मोटार चालू झाल्यावर बसा, असं ह्यांनी विनवलं. नारळ घेऊन निघालेलं माणूस मागं फिरत नाही, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून आम्ही दोघी आत आणि तिघे मागे.

मी पाय सोडला आणि इंजिन पहिल्याच दमात पेटलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. मोटार सुटली ती सुटलीच. आता आमच्या घरी देवाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, मग घराला आग का लागेना. ह्यांनी पूर्वी एकदा मारली होती, तर सासूबाईंनी श्रावणभर अबोला धरला होता. त्यामुळे हे तोंड घट्ट मिटून आमच्या मागे धावत होते. गडीही बिचारे मुक्यानंच धावत होते.

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. गिअर काढायला हे शेजारी नव्हते; थांबवली तर इंजिन बंद पडणार आणि देवीचा नवस माझ्यामुळे राहणार. तशीच दामटली. औंढ्याचा फाटा आला. सासूबाई एका हातानं नारळ आणि दुसऱ्या हातानं दार धरून बसल्या होत्या.

"हिकडं वळ," औंढ्याच्या वाटेकडे मान करून त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, आणि देवी?"

"देवी कुटं पळून जात न्हाई. तुज्या आयचं सांगता येत न्हाई."

मी वळवली. गिअर बदलायचा कसा हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे बैलगाडीच्या चाकोरीतून मोटार बोंबलत गेली. कोंबड्या उडाल्या, म्हशी उधळल्या, एका आबांनी आम्हा दोघींना आईबापावरून शिव्या दिल्या. माहेरच्या अंगणात मी ब्रेक दाबला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. आई पडवीत बाजेवर होती. तिनं आधी मोटारीला हात जोडले, मग तिला मी दिसले. दोघी पोटभर रडलो.

बऱ्याच वेळानं हे उसन्या सायकलवरून, वाटेत लोकांना विचारत, घामाघूम होऊन पोचले. बायकोकडे किंवा स्वतःच्या आईकडे न बघता आधी इंजिन उघडलं. काही बिघडलेलं नाही, गावातली चार माणसं ढकलतील, दिवेलागणीच्या आत घरी पोचू, असं ह्यांनी आनंदानं जाहीर केलं.

सासूबाई माझ्या आईच्या बाजेला टेकून बसल्या होत्या.

"बिगडली न्हाई म्हनतोस?"

"नाही."

"मग बिगडव. चांगली चार-आठ दिस हलनार न्हाई अशी."

हे बाह्या सरसावून इंजिनापाशी गेले. मी तेलाची वाटी घेतली आणि आईचे केस सोडले.