अर्द्या कोयत्याचं मत

"आन ही अर्दी? हिला कशात धरू?"

मुकादम ट्रकच्या फाळक्यावर उभा ऱ्हाऊन आमाला मोजत हुता. कारखान्याच्या तळावर, आमी ऱ्हायचो त्या पाचटाच्या कोप्यांम्होरं. समदी टोळी हसली. बाप्ये हसले, बाया बी पदराआड हसल्या. मी खाली उभी, काखंत गाठोडं. माझ्यासंगं शेवंता.

इस्कटून सांगते. ऊसतोडीत मानसं मोजत न्हाईत, कोयते मोजत्यात. नवरा ऊस तोडनार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर घिऊन ट्रकात टाकनार, दोघं मिळून कोयता एक. बाई बाळंतीन आसू दे, तापानं फनफनलेली आसू दे, ती कोयत्यात गेली. तिची येगळी गिनती न्हाई. आन एकटं मानूस आलं की तो अर्दा कोयता. घोडेगावच्या बाजारात जोडीतला एक बैल मेलेला आसला की उरल्याल्या बैलाकडं गिऱ्हाईक कसं बघतं? तसं आमच्याकडं बघायचे.

माझा दादला मला टाकून गेलेला. शेवंताचा मेलेला. आमी दोघी अर्द्या-अर्द्या, म्हनून मुकादमानं आमाला जोडून दिलं हुतं. शेवंता तोडायची, मी बांधायची. फडात आमी कुन्या जोडप्याला हार गेलो न्हाई. तरी बी तळावर आमाला नाव पडलं, 'बिनदादल्याचा कोयता'. ऐकून घेत हुतो. दुसरं काय करनार? टोळीतनं काढलं तर गावाकडं काय माती खायची?

पन त्या दिवशीची मोजनी उसाची नव्हती. मताची हुती.

आमदारकीचं इलेक्शन लागलं हुतं. आन हे इलेक्शन नेमकं हंगामात. आमचं गाव पाथर्डीच्या पल्याड, निव्वळ कोरडवाहू. हंगामात निम्मं गाव उसाच्या फडात. मागं ऱ्हात्यात म्हातारे, आन ज्यांच्या हिरीला पानी हाय ते. मागल्या खेपंला मी हंगाम करून घरी आले तवा कळलं, माझं मत पडलं बी. मी फडात, माझं मत पेटीत. कुनी टाकलं, कुनाला टाकलं, इचारायची सोय न्हाई. ह्या येळंला मुकादमाच्या सायबाच्या समोरचा उमेदवार तगडा निघाला. त्याची मानसं दारात बसनार, दुसऱ्याच्या नावावर कुनाला मत टाकू देनार न्हाईत. म्हनून आमाला जित्तं न्यायचं ठरलं.

उभे हुते ते सायेब कारखान्यावरचं बडं धेंड. बागाईत मुलखातले. आमच्या गावात त्यांनी कवा पाय टाकला नव्हता. तरी आमचे परतिनिधी तेच हुनार, आसं मुकादम छातीवर हात मारून सांगायचा.

माझा सोभाव पयल्यापास्नं संशयी. नवरा 'तंबाखू घिऊन येतो' म्हनून गेला आन आलाच न्हाई, तवापास्नं ज्यादाच. हंगामात एखाद्याचं पोर तापानं मरायला लागलं तरी दवाखान्यात न्यायला ट्रक मिळत न्हाई. आन आज ट्रक, वर ताडपत्री, वाटंत घोडेगावात थांबून समद्यांना च्या आन भजी! मुकादम भज्याचा पुडा माझ्याम्होरं धरून म्हनला, "घ्या आक्का."

आक्का! सकाळी अर्दी, दुपारी आक्का.

म्या शेवंताच्या कानात म्हनले, "शेवंते, कुटंतरी पानी मुरतंय."

"गप भजी खा. तुला परसादात बी खडे दिसत्यात," ती म्हनली.

गाव जवळ आलं तसा मुकादम ट्रकात मदी उभा ऱ्हायला. म्हनला, "नीट ऐका. कोयत्याचा शिक्का एक. बायकूचा कागुद बाप्यानं घ्याचा, दोन्हीवर त्यानंच मारायचा. बायांनी मदी तोंड घालायचं न्हाई. कागुद नासत्यात. म्या सायबांना शब्द दिलाय, माझा एक कोयता फुटनार न्हाई."

कोपऱ्यातनं एक जन वरडला, "मुकादम, आन ह्यो बिनदादल्याचा कोयता?"

मुकादम आमच्या दोघींकडं बघून हसला. "ह्यांचा दादला आज मी."

ट्रक हसून हसून हलला. शेवंता खाली मान घालून बसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला जाब इचारावा आसं लई वाटलं, पन तोंडातनं आवाज फुटंना. मेल्याहून मेल्यागत झालं मला. सोताच्या भित्रेपनाची बी लई चीड आली.

मतं शाळंत हुती. बाप्यांची रांग येगळी, बायांची येगळी. दारातनं आतलं दिसत हुतं. टेबलामागं चष्मेवाले अधिकारी. बाजूला बाकावर दोन्ही उमेदवारांची मानसं, छातीला बिल्ले लावून. त्यातच आमचा मुकादम. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, त्याच्या आड जाऊन शिक्का मारायचा.

मी रांगंतनं बघत हुते. मुकादमाचं कोयत्याचं गनित तिथं बराबर चालू हुतं. बाईचं नाव पुकारायचे, बोटाला शाई लावायचे, कागुद तिच्या हातात द्यायचे. तिचा दादला फुडं हुऊन कागुद काढून घ्यायचा आन दोन्ही घिऊन आडोशाला जायचा. बाई भित्तीवरच्या नकाशाकडं बघत उभी. अधिकाऱ्याला हे दिसत नव्हतं आसं न्हाई. त्यांना छपराचे वासे लई आवडायला लागले हुते. आदल्या दिशी ते मुकादमाच्याच भावकीत जेवले हुते, समद्या गावाला ठाव हुतं. समोरच्या उमेदवाराची मानसं बी गप. तवा मला त्याचा उलगडा झाला न्हाई. मागनं झाला, त्यांच्या टोळ्यांत बी हेच चाललं हुतं.

शेवंता माझ्या म्होरं हुती. तिला कागुद मिळाला. मुकादम बाकावरनं उठला, हात फुडं केला. तिनं देऊन टाकला. लहान पोर हातातली वस्तू देतं तसा. तो आडोशाला गेला, आला, घडी घालून पेटीत टाकला. मंग माझी पाळी.

टेबलापाशी यादी घिऊन बसलेल्या मास्तरनं माझं नाव वाचलं. मोठ्यानं. माझं नाव, बापाचं न्हाई, दादल्याचं न्हाई, पयलं माझं. किती वर्सात कुनी आसं पुकारलं नव्हतं. फडात मी 'ए बाई', तळावर 'अर्दी'. नाव कानावर पडलं तवा मी इकडंतिकडं बघितलं, कोन म्हनून. मंग दुसऱ्यानं माझं बोट धरलं आन शाई लावली.

त्या शाईकडं बघूनच माझं टाळकं सरकलं. शेवंताच्या बोटाला शाई येगळी, माझ्या बोटाला येगळी. जोडप्यातल्या बाईला येगळी, बाप्याला येगळी. शाई लावताना कुनी कोयता मोजला न्हाई. मंग शिक्का मारतानाच आमी एक कशा काय हुतो? नक्की गोम हाय ह्यात. ह्या कागदात कायतरी मोलाचं हाय, न्हाईतर ह्यो मुकादम माझ्यासाठी बाकावरनं उठला नसता.

"आन हिकडं," तो म्हनला.

"का?"

"का म्हंजी? शिक्का मारायचाय."

"मारीन की मी."

तो बाकावरच्या लोकांकडं बघून हसला. "अडानी हाय. कागुद नासवील."

"नासला तर माझा नासंल."

मंग त्याचं हसनं गेलं. त्यानं माझं मनगट धरलं. पिरगाळलं. कागुद माझ्या मुठीत, त्याचा अंगठा माझ्या शाईच्या बोटावर. दबक्या आवाजात म्हनला, "उद्या तळावर यायचंय तुला. इसरू नको."

म्या त्याच्या तोंडाकडं बघितलं. आन ट्रकात न फुटलेला आवाज तिथं फुटला.

"माझा हात धरला! भर शाळंत मुकादमानं माझा हात धरला!"

आमच्या गावाकडं बाईनं आसं म्हनलं की संपलं. बाप्याला वरीसभर पारावर बसायची चोरी हुती. आन म्या खोटं काय म्हनले? धरलाच हुता की. ट्रकात तो माझा दादला झाला हुता, पन शाळंत, बिल्ला लावून, हवालदारादेखत, त्याला तसं म्हनता येईना. त्यानं हात आसा सोडला जसा तव्याला लागला. बाहीरची रांग दारात गोळा झाली. हवालदार झाडाखालनं उठून आला.

"म्या काय न्हाई केलं! म्या मदत करत हुतो!" मुकादमाला घाम फुटला.

अधिकारी खुर्चीतनं उठले. "बाई, तुम्ही आत जा. तुमचं मत तुम्हीच द्या." आमी आल्यापास्नं त्यांच्या तोंडातनं निघालेलं पयलं कामाचं वाक्य.

आडोशाला गेले. म्या घाई केली न्हाई. कागदावरची चित्रं नीट बघितली. दोन्ही मोठ्या उमेदवारांवर माझा संशय हुता. तरी एकावर शिक्का मारला. फुकला, वाळू दिला, घडी घातली, पेटीत टाकला. कुनावर मारला ते हितं बी सांगनार न्हाई.

बाहीर आले तर समोरच्या उमेदवाराचा मानूस झेंडूचा हार घिऊन उभा. "वैनी, नाक कापलं तुमी सायबाचं! चला, संध्याकाळी आमच्या मिटिंगला बसा स्टेजवर."

म्या इचारलं, "तुमच्या टोळ्यांतल्या बायांचे शिक्के कुनी मारले?"

तो हसला आन कान खाजवायला लागला. म्या म्हनले, "ह्यो हार मुकादमाला घाला. तुमचा त्याचा धंदा एकच हाय." तो हार हातात धरूनच ऱ्हायला.

माघारी जायला ट्रक निघाला. मुकादम फाळक्यावर उभा, परत मोजनी. माझ्यावर आला तसा म्हनला, "अर्दा कोयता नको मला." शेवंतानं चाकावर पाय ठिवला हुता, तिला म्हनला, "तू बी उतर. एकली चढून काय करशील? तू बी अर्दीच की." टोळीनं ताडपत्री खाली वढून घेतली. ट्रक गेला. आमची परात, तवा, शेवंताचं घोंगडं, समदं तळावर. पुढं कुनीतरी सांगितलं, मुकादमाची बायकू आमच्याच परातीत पीठ मळती. खरं-खोटं देव जाने, पन मी इस्वास ठिवला.

शेवंता धुरळ्यात उभी ऱ्हाऊन रडली. म्हनली, "तुझ्या एका शिक्क्यापायी माझी चूल इझली गं." तिनं माझ्याशी बोलनं टाकलं.

सायेब निवडून आले. गुलाल उधळला, आमच्या गावात बी. आन त्या साली पाऊसच झाला न्हाई. बहात्तरचा दुष्काळ. मोठमोठे जमीनवाले सुदीक सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडाया आले, तिथं आमची काय कथा. मी आन शेवंता एकाच ढिगापाशी, पन पाठीला पाठ लावून. हातोडा बोलायचा, आमी न्हाई.

एक दिवस जीप आली. सायेब, तहसीलदार, आन मागं मुकादम. कुनीतरी सायबाच्या कानात कायतरी सांगितलं. सायेब माझ्याम्होरं यिऊन थांबले.

"हीच का ती?" ते हसले. "बाई, मी मनात काही ठेवत नाही. झालं गेलं. पण एकदा सांगून टाक. मला दिलंस, का त्याला?"

समदे हसायला लागले. तेच हसनं, ट्रकातलं. मी हातोडा घिऊन उभी ऱ्हायले.

"माझ्या तोंडाकडं बघून वळखा, सायेब."

त्यांनी बघितलं. मान हालवली. "नाही बुवा कळत."

"मंग तसंच ऱ्हाऊ द्या. बाकी समदी टोळी तुमाला मोजून मिळाली. माझं मोजता येनार न्हाई."

त्यांचं हसनं आटलं. इषय बदलायचा म्हनून शेवंताकडं बोट करून म्हनले, "आणि हिचं?"

शेवंतानं दगडावरनं मान वर केली न्हाई. म्हनली, "माझं मुकादमाला इचारा. माझा शिक्का त्यांनीच मारलाय."

तहसीलदारानं चष्मा काढून पुसला. मुकादम जीपच्या टायराकडं बघायला लागला. समद्यांनी ऐकलं, आन कुनीच ऐकलं न्हाई. जीप गेली. दुसऱ्या दिशी आमाला दोघींना कामावरनं काढलं.

घरी येताना शेवंता माझ्याशी पयल्यांदा बोलली. "मला तवा वरडायला यायला पायजे हुतं," येवढंच.

तवापास्नं इलेक्शन लागलं की मी गावातल्या एक-एक बाईच्या दारात जाते. मत कुनाला द्यायचं ते सांगत न्हाई, जिला तिला आपल्या डोळ्यांनी बघू दे. एकच सांगते, कागुद हातातनं सोडू नका. कुनी हात लावला तर शाळा गोळा हुईल आसं वरडा. मुकादम आसू दे, सायेब आसू दे. घरचा दादला आसला तरी वरडा.