डुकराच्या उंचीवरून घर

माझ्या बायकोचे थोरले भाऊ जगातली प्रत्येक वस्तू आधी धोका म्हणून पाहतात, मग वस्तू म्हणून. घुग्घुसच्या कोळसा खाणीत त्यांची नोकरी छताला काठी ठोकण्यात आणि पोकळ आवाज आला की तिथं खडूनं फुली मारण्यात गेली. निवृत्त झाले, पण काठी-खडू सुटले नाहीत. एका मंगल परिणयात त्यांनी नवरदेवामागच्या कमानीवर फुली मारली आणि ती पुन्हा बांधून होईस्तोवर कुणाला पुढं सरकू दिलं नाही.

बायको गेल्यावर वरोऱ्याच्या घरात मी पुस्तकं घेऊन नुसता बसू लागलो. पाचव्या महिन्यात भाऊ आले.

"जवाई, दोस्ताची डुकरीण व्याली. एक पिल्लू कमजोर आहे, कोणी नेत नाई. तुमच्याकडे आणतो."

"मला विचारलंत का?"

"ती होती तवा तुमाले कोण विचारे?"

आणि भर दुपारी डोक्याला खाणीतला दिवा बांधून ते गुडघ्यांवर घरभर रांगू लागले. डुकराचं घर डुकराच्या उंचीवरून तपासावं लागतं, म्हणे. लोंबती वायर, फुली. फिनाईल, फुली. मिठाची बरणी, डुकराला जास्त मीठ विषासारखं म्हणून, फुली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून पोती. पुस्तकांचा खालचा कप्पा त्यांनी स्वतः रिकामा केला. "तुमी वाचता, तो खाईन."

शेजारच्या बाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, सुनेसाठी नाई केलं एवढं!"

"सून नाकानं कपाट उघडते का बाई?"

असं म्हणत ते मागच्या खोलीतल्या बुटक्या कपाटाशी पोचले आणि थांबले. तिच्या साड्यांचं कपाट. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. भाऊंनी काठी ठोकली, फुली मात्र मारली नाही. "हे तुमी पाहा जवाई. मले नाई जमत."

मी उघडलं. वरच्याच साडीला अर्धा फॉल लावलेला, सुई तशीच टोचलेली. भाऊंनी सुई काढली. "पिल्लाच्या पायात गेली असती," म्हणाले, आणि ती हातात धरून बसून राहिले.

साड्या आम्ही दोघांनी माळ्यावर चढवल्या. एक जुनी सुती त्यांनी खाली ठेवायला लावली. "पिल्लाले ऊब लागते. तिनं देली असती." मला द्यायची नव्हती. दिली.

रविवारी पिल्लू आलं. सगळी पोती ओलांडून ते सरळ त्या साडीत घुसलं, नाकानं घडी विस्कटली आणि झोपलं.

"चला, निघतो," भाऊ म्हणाले. घुग्घुसची शेवटची बस गेली तरी ते तिथंच बसले होते.