काकूंचा किरायदार

गल्लीत कुठं काही ठरतंय अशी नुसती कुणकुण लागली, की भिंतीपलीकडून काकूंचा हात वर यायचा. "मलेबी धरा." काय ठरतंय, हे त्या नंतर विचारायच्या.

मी मेडशीच्या शाळेत इंग्रजी शिकवते, हे कळल्यावर म्हणाल्या, "याले इंग्रजीत काय म्हणतेत वं?" मी सांगितलं, काउंट मी इन. कुणी बेत आखला आणि आपल्यालाही त्यात यायचं असलं, की म्हणायचं. तेव्हापासून हळदीकुंकू असो की पोहरादेवीला जायची गाडी, काकू काउंट मी इन. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. तिच्यावाचून काही सुरूच होत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे पापड पाळीपाळीनं लाटतात, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. काकू सगळ्यांकडे यायच्या, आपल्याकडे मात्र कुणाला बोलवायच्या नाहीत. "औंदा नाही करत," एवढंच. शेवटी एका दुपारी आम्हीच पोळपाट-लाटणी अन् मळलेलं पीठ घेऊन त्यांच्या घरी थडकलो. काकूंचा चेहरा उतरला, पण त्यांनी सतरंजी अंथरली.

लाटणं रंगात आलं, तोच मागच्या दारात एक माणूस चौकट धरून उभा राहिला. भरदुपारी दारूचा वास. काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, इतकंच आम्ही ऐकून होतो. याचे नाकडोळे थेट काकूंचे होते. तरी कुणीतरी विचारलंच, "कोण हो हे?"

"किरायदार हाय," काकू म्हणाल्या. "मागच्या खोलीत राह्यते."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग आम्हाला हात जोडून म्हणाला, "हो. किरायदार हाय मी." आणि निघून गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही माना खाली घालून लाटत राहिलो. काकूंचा पापड पोळपाटालाच चिकटला होता, तोच त्या खरडत बसल्या.

पुढच्या घरची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "काकू, धरायचं ना तुम्हाला?"

"नको वं. पोटच्या पोराले मी धरलं नाही. मले कायले धरता तुमी?"

त्यांच्या घराला कुलूप लागलं, त्या सकाळी मी त्यांना शेवटचं पाहिलं, अकोल्याच्या एस्टीत; मी मागच्या सीटवर होते. खिडकीशी तो मान टाकून बसला होता. कंडक्टरनं विचारलं, "हे सोबत हायेत का तुमच्या?"

"माहा पोरगा हाय," काकू अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "दारू सोडवाले नेऊन राह्यली."

माणसं वळून पाहू लागली. "माय, हळू बोल," तो म्हणाला.

काकूंनी पुन्हा सांगितलं. तितक्याच मोठ्यानं.